कॉपी नंबर चार

युसुफभाई मुकादमांनी मला एकदाही दोष दिला नाही, याचा मला अजून राग येतो. ते दोन शब्द बोलले असते तर मी चार बोलले असते, रडले असते, आणि प्रकरण मिटलं असतं. भांडून मोकळं होणं आम्हा वसईच्या बायकांना चांगलं जमतं. त्यांनी ती सोयच ठेवली नाही.

बहरीनला मी टायपिस्ट म्हणून गेले ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी. नवरा, इनास, आधीपासून तिथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होता. माझी कंपनी रस्ते आणि भराव करणारी. तिचं नाव सांगत नाही, आता ती राहिलीही नाही. टायपिंगबरोबर ड्रॉइंगचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात होतं. नकाशाची अमोनिया प्रिंट काढली की कोपऱ्यात शिक्का मारायचा, शिक्क्यात कॉपीचा नंबर घालायचा आणि रजिस्टरात लिहायचं: कितवी कॉपी, कोणाला दिली, परत कधी आली. जुन्या नकाशावरून कुणी भलत्या जागी खड्डा खणू नये म्हणून ही शिस्त. त्या प्रिंट रूममध्ये अमोनियाने डोळ्यांना धार लागायची, तरी नंबर घातल्याशिवाय माझ्या हातून एक कागद कधी सुटला नाही. मला त्याचा गर्व होता.

युसुफभाई आमचे ड्राफ्ट्समन. रत्नागिरीकडचे, हर्णैजवळच्या एका गावचे. राहायला बाब अल बहरीन वेशीच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत चौघे. पन्नाशीचा उंच, किडकिडीत माणूस. चालतानासुद्धा मान टेबलावर वाकल्यासारखी पुढे. शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली आणि कागदात गुंडाळलेलं ब्लेड. ट्रेसिंगवर चूक झाली की त्या ब्लेडने शाई अशी हलकेच खरवडायचे की उजेडात धरूनही खूण सापडायची नाही. मी टायपिंगमध्ये चूक केली की म्हणायचे, “बाय, तुझ्या चुकीवर पांढरा रंग लावावा लागतो. माझी चूक नुसती उडवली की गेली.”

त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं. सर्व्हेची साखळी टाकून त्यांनी ते स्वतः तपासलं होतं, आणि त्यात आपलं कर्तृत्व आहे अशा थाटात ते सांगायचे. चालताना ओठ हलायचे. मध्ये कुणी बोललं तर एक बोट वर करायचे, म्हणजे थांबा, मोजणी चालू आहे. बाजारात सोन्याच्या दुकानापासून कापडवाल्यापर्यंत किती फूट, हे त्या दोन्ही दुकानदारांना माहीत नव्हतं पण युसुफभाईंना होतं. एकदा इनासने त्यांना छेडलं, “खोलीपासून मशीद किती पावलं?”

“जाताना दोनशे चाळीस. येताना दोनशे अडतीस.”

“मग दोन पावलं गेली कुठे?”

“येताना मी हलका असतंय,” युसुफभाई म्हणाले.

त्यांची सगळ्यात मोठी श्रद्धा, अर्थात नमाजानंतरची, नकाशावर होती. “प्लॅनवर नाय, ता जगात नाय,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं असेल. त्याला कारणही होतं. आज सीफ भागात मॉल आणि ऑफिसांचे टॉवर उभे आहेत, तिकडे तेव्हा समुद्र होता. भरावाच्या नकाशांवर युसुफभाईंनी शाईने रेघा मारल्या आणि दोन-तीन वर्षांत त्या रेघांवरून ट्रक धावायला लागले. “बाय, आधी रेघ, मागून जमीन. माझ्या डोळ्यांनी बघितलंय,” असं ते म्हणायचे. पाण्यावर रेघ मारून जमीन होताना ज्याने पाहिली, त्या माणसाला कागदावर भरवसा ठेवू नका असं कोण सांगणार?

धबाची गोष्ट सुरू झाली ती झल्लाक गावाच्या पुढे, आमच्या लेबर कॅम्पवर. धब म्हणजे आपल्याकडच्या सांड्याचा थोरला भाऊ. हातभर लांब, काटेरी शेपटीचा सरडा, दिसायला भयंकर आणि स्वभावाने गरीब. वाळवंटातली झुडपं खातो, पाणी पीत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. घट्ट जमिनीत एक बीळ खणतो आणि वर्षानुवर्षं तेच घर धरून राहतो. सकाळी बाहेर येतो तेव्हा काळपट असतो आणि उन्हात तापत गेला की पिवळा पडतो. हे सगळं मी नंतर शिकले. त्या दिवशी मी फक्त पगाराच्या याद्या घेऊन कॅम्पवर गेले होते, युसुफभाई मोजमापाला आले होते, आणि फोरमनने गोणीतून एक धब बाहेर काढला.

फोरमन आपलाच, मराठी. गुडघे दुखायचे म्हणून त्याला धबाचं तेल काढायचं होतं. सांड्याच्या तेलावरची श्रद्धा आपला माणूस समुद्रापलीकडेही सोबत घेऊन जातो. युसुफभाई वाकून बघायला गेले आणि धबाने शेपटीचा असा फटका मारला की त्यांचं मनगट सोलवटून निघालं. सगळे हसले. युसुफभाईंनी मनगटाला रुमाल बांधला आणि विचारलं, “ह्याचा बीळ खंय?”

“बिळाचं काय करायचंय? घ्या की तुम्हीपण थोडं तेल.”

“बीळ दाखव आधी.”

शेवटी त्यांनी आपला ट्रान्झिस्टर फोरमनला दिला आणि धब सोडवला. तोच ट्रान्झिस्टर, ज्यावर ते रोज संध्याकाळी कान लावून बातम्या ऐकायचे. मी म्हटलं, आता सोडा त्याला इथेच आणि चला. ते तयार होईनात. “दुसऱ्याच्या घरात कसा सोडू, बाय? तुला कोणी मुंबईहून उचलून भलत्याच बाईच्या स्वैपाकघरात सोडलान तर?” पकडणाऱ्या मजुराला घेऊन ते भर उन्हात दोन मैल चालत गेले, ते नेमकं बीळ शोधलं आणि धबाला त्याच्या दाराशी ठेवलं. परत आले ते पावलं मोजत.

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी इनासला आणि मलाही ओढलं. इनासने आमचं नाव ठेवलं धब कमिटी. साडेतीन मेंबर: युसुफभाई, इनास, मी, आणि अर्धा हाजी जासिम. हाजी आमच्या यार्डाचा वॉचमन, झल्लाकचाच म्हातारा. तरुणपणी त्याने धब पोटभर खाल्ले होते आणि ते कबूल करताना लाजत नव्हता. “आधी पुष्कळ होते. आता मफी, नाहीतच,” एवढंच म्हणायचा आणि आमच्या थर्मासमधला चहा संपवायचा. आमची चर्चमधली मिस्सा सकाळी लवकर, युसुफभाईंची जुम्म्याची नमाज दुपारी. मधले चार तास धबांचे. टायरच्या वाटांवर दगड रचायचे, पिकनिकवाल्यांचे डबे-बाटल्या उचलायच्या, आणि कुणी बिळाजवळ गाडी नेली तर जाऊन समजावायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. घरी कपड्यांचा ढीग पडलेला असायचा आणि मी वाळवंटात दगड उचलत असायचे.

समजावण्याचं काम युसुफभाईंचं. त्यांचं अरबी चार शब्दांचं. एकदा चार-पाच पोरं पाण्याचा कॅन घेऊन आली. बिळात पाणी ओतलं की धब गुदमरून बाहेर येतो. त्यांतली दोन तिथली होती, बाकी आमच्याच कॅम्पवरची. युसुफभाईंनी जाऊन बिळावर पाय ठेवला. “हादा बैत,” म्हणाले, हे घर आहे.

एकाने हसत विचारलं, “बैत? वेन बाब?” घर आहे तर दार कुठाय?

युसुफभाईंनी बूट थोडा उचलून भोक दाखवलं. “हादा बाब.”

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. त्यांनी सगळं पाणी युसुफभाईंच्या बुटावर ओतलं आणि निघून गेली. मी तणतणत होते, पोलिसांना सांगू म्हणत होते. युसुफभाईंनी मोजा पिळला. “पाणी तर हाय. वाळतां,” म्हणाले. त्या वेळी मला त्यांचा अभिमान वाटला होता, हे सांगायला हवं.

मग एका हिवाळ्यात कॅम्पचा रस्ता रुंद झाला. शुक्रवारी जाऊन पाहिलं तर डझनभर बिळं मुरमाखाली सपाट. हिवाळ्यात धब आत झोपून असतात, म्हणजे ते आत होते. युसुफभाईंनी बुलडोझरवाल्याला विचारलं तेव्हा तो बिचारा गोंधळला. “प्लॅन में तो कुछ था नहीं, चाचा.”

प्लॅन युसुफभाईंनीच काढलेला होता. बिळं कुठे आहेत हे त्या कंपनीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि नकाशावर बिळं दाखवायची असतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथे उकिडवे बसून त्यांनी मुरूम हाताने उकरायचा प्रयत्न केला. इनासने त्यांना उठवलं.

त्या दिवसापासून ते नकाशाच्या मागे लागले. वर्षभर दर शुक्रवारी आम्ही राहिलेली बिळं मोजली. टेपचं एक टोक माझ्या हातात, लाल-पांढरी काठी इनासच्या हातात, वही त्यांच्या. प्रत्येक बिळाशेजारी लाकडी खुंटी. डोकं चुन्याने पांढरं, त्यावर लाल रंगात नंबर. एक ते त्रेचाळीस. लांबून दिसली पाहिजे म्हणून खुंट्या गुडघाभर उंच. हाजी जासिमने ते पाहून तोंड वाकडं केलं. “कशाला? धबाला आपलं घर ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. आणखी कुणाला कशाला ठाऊक हवं?” अशा अर्थाचं काहीतरी तो अरबीत बोलला. युसुफभाई म्हणाले, “सर्व्हेत खुंटी लागतेच, हाजी.” त्यांची खरी चूक असेल तर ही. दुसऱ्या कुणी ती केली नसती. शेतकऱ्याने केली नसती, शिकाऱ्याने तर नाहीच. आयुष्यभर खुंट्या ठोकून जगाला जागेवर बसवणाऱ्या माणसानेच ती करावी.

नकाशा मात्र सुंदर झाला. ते बिळासाठी एक बारीक कमान काढायचे, आत काळा ठिपका. मी त्याच्यासोबत इंग्रजीत पत्र टाइप केलं. कॉपी तीनच: एक चीफ इंजिनियरला, एक सरकारी ऑफिसला, एक युसुफभाईंना. सरकारी ऑफिसने पोच दिली. आणि चीफ इंजिनियर, निवृत्तीला आलेला इंग्रज, त्याने नकाशा टेबलावर पसरून त्या कमानी कसल्या म्हणून विचारलं, ऐकून घेतलं, आणि रस्त्याच्या पुढच्या टप्प्याची रेघ पेन्सिलीने साठ फूट सरकवली. एवढंच. एका रेघेने सगळी बिळं वाचली. युसुफभाई माझ्या टेबलाशी आले, दोन्ही हात टेकवून उभे राहिले. “बघितलास? रेघ आधी!” त्यांनी ऑफिसभर खजूर वाटले. फोरमनलाही दिले.

नकाशा खोटा ठरला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. तो खरा होता. इंचाइंचाला खरा होता.

दुसऱ्या वर्षी मार्चात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, ईस्टरनंतरचं. मी लीव्हचा अर्ज टाकला आणि तो तीन आठवडे ॲडमिन मॅनेजरच्या ट्रेमध्ये पडून राहिला. हा मॅनेजर मुंबईचाच, गोड बोलणारा. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, “मॅडम, वो मुकादम का छिपकलीवाला नक्शा है ना, एक कॉपी निकाल दो. मेरे दोस्त हैं, फ्रायडे को डेझर्ट घूमते हैं. नेचर लव्हर लोग.” बोलता बोलता त्याने माझा अर्ज ट्रेमधून काढून समोर ठेवला होता. पेनाचं टोपणही काढलं होतं.

मला शंका आली होती का? आली होती. नव्हती आली असं मी इनासला सांगितलं, कन्फेशनमध्ये पाद्रींनाही सांगितलं; त्यांनी मला दहा नमो मरिया म्हणायला लावले आणि मी ते पटापट म्हणून टाकले. पण शंका आली होती. प्रिंट रूममध्ये जाऊन मी कॉपी काढली. सवयीने कोपऱ्यात शिक्का मारला, सवयीने नंबर घातला: चार. रजिस्टरात चारचा आकडा लिहिला, आणि “कोणाला दिली” या रकान्यावर हात थांबला. तो रकाना मी कोरा ठेवला. मॅनेजरने नकाशा घेतला, माझ्या अर्जावर सही केली, आणि बहिणीला माझं ब्लेसिंग सांगा म्हणाला.

दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी आम्ही पोहोचलो तेव्हा युसुफभाई सवयीने पहिल्या खुंटीपासून निघाले. एक नंबरचं बीळ फावड्याने फोडलेलं. दोन नंबरच्या तोंडाशी चिखल, पाण्याचा. तीनजवळ गाडीच्या चाकांच्या खुणा आणि काळा धूर बसलेली माती. सायलेन्सरला पाइप लावून बिळात धूर सोडतात, त्याची खूण. चार. पाच. सहा. मी म्हटलं, युसुफभाई, पुरे, परत जाऊ. त्यांनी बोट वर केलं, म्हणजे थांब, मोजणी चालू आहे. त्रेचाळीसपर्यंत ते गेले. एकही बीळ सुटलं नव्हतं. माणसं शिकार करतात तेव्हा दोन सापडतात, चार निसटतात. इथे निसटायला वावच नव्हता. आम्ही नंबर घालून ठेवले होते. एकतीसजवळ पाच-सहा कापलेल्या शेपट्यांचे काटेरी तुकडे पडले होते. चाळीसच्या पुढे एक छोटा धब, तपकिरी, ठिपक्यांचा, टायरखाली आलेला. तो कुणाला खायलाही नको होता.

शेवटच्या खुंटीपाशी झुडपात नकाशा अडकला होता. प्रत्येक कमानीवर पेन्सिलीने बरोबरची खूण. युसुफभाईंनी तो सोडवून घेतला, वाळू झटकली, उघडून पाहिला. खालचा उजवा कोपरा त्यांनी जरा जास्त वेळ पाहिला. मी शेजारीच उभी होते. शिक्का माझाच, आकडा माझ्याच वळणाचा. मग त्यांनी नकाशा ड्राफ्ट्समन घालतात तशा घड्या घालून, नाव वर येईल असा, पिशवीत ठेवला.

“चला,” म्हणाले. “नमाजाची वेळ होईल.”

गाडीत इनास शिकाऱ्यांना, सगळ्या जगाला शिव्या देत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं. शनिवारी ऑफिसात बोलीन म्हटलं, मग लग्नाहून आल्यावर बोलीन म्हटलं. ईस्टरनंतर वसईला गेले, नवी साडी नेसले, बहिणीच्या लग्नात नाचले. परत येऊन युसुफभाईंना सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, दिली. त्यांनी ती घेतली, घरच्यांची चौकशी केली, “बाय” म्हणूनच हाक मारली. धब कमिटी त्यानंतर कधी भरली नाही. शुक्रवारी काय करता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, कपडे धुतंय.

त्या पुढे ते वर्षभर नोकरीत होते. नकाशे काढत होते, ब्लेडने चुका खरवडत होते. “प्लॅनवर नाय, ता जगात नाय,” हे मात्र पुन्हा ऐकलं नाही. नव्या पोरांनी मुद्दाम विषय काढला तरी नाही.

व्हिसा रद्द करून ते कायमचे गावाला निघाले त्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या नावावरचे सगळे नकाशे त्यांनी एकेक करून जमा केले, मी रजिस्टरात परत आल्याची नोंद करत गेले. शेवटी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. वाळूचे चार कण टेबलावर सांडले.

“ही पण घे. कॉपी नंबर चार.”

“युसुफभाई, ही मी—”

“माना माहीत हाय. नंबर घातलेलास ना.” आवाजात काही नव्हतं. राग असता तर मी त्याला धरून काहीतरी बोलले असते. “पान काढ.”

मी पान काढलं. चार नंबरपुढचा रकाना वर्षभर कोराच होता. त्यांनी ते पाहिलं, खिशातलं पेन काढलं, आणि नकाशावर नाव घालतात तशा सुटसुटीत, सरळ अक्षरांत, “कोणाला दिली”च्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. त्यावर फुंकर मारायला लागले. मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी ब्लॉटिंग पेपर पुढे केला.

“रजिस्टरात कोरा ठेवू नये, बाय,” म्हणाले. “मागून येणाऱ्याला समजत नाय.”

ते रजिस्टर पुढे मी नोकरी सोडेपर्यंत माझ्याच ताब्यात होतं. ब्लेड मिळालं नसतं असं नाही. ते नाव खरवडून तिथे माझं लिहायला दोन मिनिटं लागली असती. मी लिहिलं नाही.

खिडकीतून मी त्यांना जाताना पाहिलं. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्यात पिशवी, मान तशीच पुढे. यार्ड ओलांडून पिकअपकडे चालले होते. हाजी जासिम गेटावर उठून उभा राहिला. युसुफभाईंचे ओठ हलत नव्हते. मी खात्री करायला काचेला कपाळ लावून पाहिलं; हलत नव्हते. म्हणून पावलं मीच मोजली. दारापासून पिकअपपर्यंत एकसष्ट.